माठ गार, मग तलाव कोमट का?

डहाणू तालुक्यातील कासा गावाजवळच्या एका वाडीत घरामागे पोहण्याचा लहानसा तलाव आहे. लांबी 10 मीटर, रुंदी 5 मीटर आणि सरासरी खोली 1.2 मीटर. एप्रिल संपता संपता त्याचे पाणी संध्याकाळी 32 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, अशी मालकांची तक्रार. सुट्टीत तेथे आलेल्या, अकरावीत शिकणाऱ्या त्यांच्या पुतणीने आम्हांला नेमका प्रश्न विचारला : ओसरीवरच्या माठातले पाणी गार असते, मग तलावातले साठ हजार लिटर कोमट का? बाष्पीभवन तर दोन्हीकडे होतेच!

होते खरे. पण माठ सावलीत असतो आणि तलाव उन्हात. उन्हाळ्यातील निरभ्र दिवशी आपल्याकडे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 6 युनिट विजेइतकी सौर ऊर्जा पडते. तलावाच्या एका चौरस मीटरखाली 1200 किलोग्रॅम पाणी आहे. ते 1 अंशाने तापवायला सुमारे 5000 किलोज्यूल, म्हणजे 1.4 युनिट लागतात. सगळे ऊन पाण्यात मुरले आणि काहीच बाहेर गेले नाही, तर एका दिवसात तापमान चार अंशांनी चढेल. दुसरा फरक आकाराचा. पंधरा लिटरच्या माठाला जवळजवळ 0.3 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे एका चौरस मीटरने 50 किलोग्रॅम पाणी थंड करायचे. तलावात तेवढ्याच पृष्ठभागावर 1200 किलोग्रॅमचा भार आहे.

तरीही तलाव रोज चार-चार अंशांनी तापत जात नाही, कारण तो उष्णता टाकतही असतो. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2430 किलोज्यूल उष्णता खर्च होते. दिवसाला 6 मिलिमीटर पाणी उडाले, तर दर चौरस मीटरमागे 4 युनिट गेले! उरलेली उष्णता पाणी हवेला देते आणि रात्री आकाशाकडे प्रारणाने टाकते. किनारपट्टीच्या दमट हवेतील बाष्प यातले बरेच प्रारण शोषून त्याचा काही भाग खाली परत पाठवते, म्हणून आपल्याकडे हा मार्ग वाळवंटाइतका फलदायी नाही.

ऊन लागू नये म्हणून मालकांनी दिवसभर पाण्यावर निळे प्लास्टिक अंथरून पाहिले. पाणी अधिकच तापले. प्लास्टिक स्वतः तापून खालच्या पाण्याला उष्णता देत होते आणि बाष्पीभवनाची वाट मात्र बंद झाली होती. सावली हवी ती पाण्यापासून दोन-अडीच मीटर उंचावर, वारा खेळता ठेवणारी. रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी किंवा झावळ्यांचा मांडव चालेल.

मग बर्फाचा विचार झाला. साठ टन पाणी 1 अंशाने थंड करायला सुमारे 2,50,000 किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. बर्फ वितळून त्याचे पाणी तलावाच्या तापमानाला येईपर्यंत किलोग्रॅममागे सुमारे 460 किलोज्यूल घेते, म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक बर्फ, तोही एका अंशासाठी! हेच काम 103 लिटर पाणी वाफ होऊन करते.

वाफ वाढवायची तर कारंजे लावावे. मालकांनी तेही लावले होते, पण चालवत होते भर दुपारी. रात्री हवा दमट असते, तेव्हा बाष्पीभवन कसे होणार, हा त्यांचा युक्तिवाद. येथे बहुतेकांची गफलत होते, आमच्या पदवीच्या विद्यार्थ्यांचीसुद्धा. सापेक्ष आर्द्रता पाण्याला ठाऊक नसते. पाण्याच्या पृष्ठभागाजवळचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांत किती फरक आहे, त्यावर बाष्पीभवन ठरते. पाणी 32 अंशांचे असेल तर त्याच्या पृष्ठभागाशी हा दाब पाऱ्याच्या सुमारे 36 मिलिमीटर इतका असतो. दुपारी हवा 36 अंश आणि आर्द्रता 45 टक्के धरली, तर हवेतला बाष्पदाब 20 मिलिमीटर येतो. रात्री 26 अंश आणि 85 टक्के धरले, तर 21. फरक जवळजवळ तेवढाच! मात्र दुपारची हवा पाण्याहून गरम असल्याने कारंज्याच्या प्रत्येक थेंबाला उष्णता देते, तर रात्रीची हवा ती काढून घेते. शिवाय कारंज्याने पाणी जास्तीत जास्त किती थंड होईल, याची मर्यादा ओला तापमापक दाखवतो. वरच्या उदाहरणात दुपारी ती साधारण 26.5 अंश आहे, रात्री 24. तेव्हा कारंजे सूर्यास्तानंतर सुरू करून पहाटे बंद करावे.

हीच मर्यादा गावोगाव बदलते. नागपूरला 43 अंशांत आर्द्रता 20 टक्के असली, तर ओला तापमापक 25 अंशांच्या आसपास राहतो. डहाणूच्या किनाऱ्यावर 34 अंशांत आर्द्रता 65 टक्के असली, तर तो 28च्या वर जातो. वाळ्याचे कूलर विदर्भात चालतात आणि किनाऱ्यावर नुसती ओल धरतात, ते यामुळेच. कासा समुद्रापासून आत असल्याने त्याची स्थिती या दोहोंच्या मधली.

आता खर्च. या तलावातून दिवसाला 6 मिलिमीटर पाणी उडाले, तर ते 300 लिटर होते, म्हणजे पंधरा लिटरचे वीस हंडे. कारंज्याने त्यात भर पडते. सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी वसई-विरारपर्यंत जाते, पण याच परिसरातील काही पाड्यांवर मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी बायकांना पायपीट करावी लागते. म्हणून आम्ही मालकांना आधी मांडव घालायला सांगितले. सावलीने उष्णता मुळात कमी येते आणि पाणीही कमी उडते. कारंजे त्यानंतर, तेही गरजेपुरते.

शाळेत हे करून पाहता येईल. सारख्या आकाराची तीन घमेली घ्या, प्रत्येकात मोजून सारखे पाणी भरा. एक उन्हात उघडे ठेवा, दुसऱ्यात पाण्यावर प्लास्टिक पसरा, तिसऱ्यावर मीटरभर उंचीवर गोणपाट बांधा. सकाळी आठपासून दर दोन तासांनी तापमान नोंदवा आणि संध्याकाळी उरलेले पाणी मोजा. शेजारी दोन तापमापक टांगून एकाच्या फुग्यावर ओले मलमल गुंडाळा. कोणत्या घमेल्यातले पाणी सर्वांत गरम होईल, याचा अंदाज मुलांकडून आधीच लिहून घ्यावा.