इटलीची धूळ, सेक्टर ६

पहाटे ५.१५

पंखा बंद. ही पहिली अट. मे महिना, भिलाई, आणि पंखा बंद.

सेक्टर ६च्या जामा मस्जिदीतली अजान होऊन तास झालाय. क्वार्टरच्या मागच्या अंगणात काका उकिडवे बसलेत. पुढ्यात परात. परातीवर काकूंच्या जुन्या वायल साडीचा तुकडा ताणून बांधलेला. त्यावर छुई माटी. छत्तीसगडात घराच्या भिंती पोतायला वापरतात ती. बाजारात ढेकळं मिळतात. वीस रुपयांची घेतली की काकांना वर्षभर पुरते.

बोटांनी हलकेच फिरवायचं. दाबायचं नाही. दाबलं की खडा खाली उतरतो. काका लढाईतल्या शिपायांची छोटी मॉडेलं करतात, ही धूळ त्यांच्यासाठी. शिपाई पस्तिसाव्या हिश्श्याचा, उंची पाच सेंटिमीटरच्या आत. अर्ध्या मिलिमीटरचा एक कण त्याच्या बुटावर राहिला, तर खऱ्या माणसाच्या बुटावर पावणेदोन सेंटिमीटरचा गोटा बसल्यासारखं दिसतं. म्हणून काका दोनदा चाळतात. तिसऱ्यांदा फुंकरीनं. वरच्यावर उडेल तेवढीच धूळ कागदावर घेतात.

बाजूला बरण्यांची रांग आहे. नंदिनीच्या खाणीतल्या चुनखडीची पूड. चुलीची राख. गेरू. हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत दल्ली-राजहराची लाल पूड. भिलाईच्या भट्ट्यांना या खाणींचं लोहखनिज लागतं. ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, तेव्हापासून. काकांनी त्या भट्ट्यांच्या कास्ट हाऊसमध्ये, म्हणजे वितळलेला धातू सोडतात तिथं, चौतीस वर्षं काढली. मूळचे तुमसरचे. लाल पूड त्यांच्या विशेष जवळची. गंजासाठी तिच्याइतकं चांगलं काही नाही. पण आज ती बरणी उघडायची नाही. आजची धूळ इटलीची आहे.

सकाळी ६.००

टेबल खिडकीशी. टेबलावर दोन शिपाई, दोन रिकाम्या औषधी बाटल्यांच्या बुचांवर चिकटवलेले. बूच धरायचं, शिपायाला हात लावायचा नाही.

पहिला यशवंत घाडगे. नाईक, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला. १० जुलै १९४४, इटलीतलं वरचं टायबर खोरं. जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. हा एकटा धावत गेला. ग्रेनेड टाकला, टॉमीगननं एकाला मारलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग लपलेल्या शत्रूच्या गोळीनं तो पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

दुसरा नामदेव जाधव. त्याच रेजिमेंटची पहिली पलटण, नगर जिल्ह्यातला. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन जखमींना त्यानं एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणलं. मग एकटा उलटा गेला आणि मशीनगनच्या चौक्या मोडून काढल्या. हाताला गोळी लागली तेव्हा टॉमीगन टाकून ग्रेनेड घेतले. तो जगला. १९८४ साली वारला.

रेजिमेंट एक, देश एक, मधे नऊ महिने. रंगाचं काम काकांनी गेल्या आठवड्यात संपवलं. आता दोघांना मळवायचंय. एकाला जुलैतल्या कोरड्या धुळीनं, दुसऱ्याला नदीच्या पाण्यानं आणि चिखलानं.

“दोघांले सारखी माती लावली, तर कोण कुठं लढला ते समजन कसं?” काका म्हणतात.

सकाळी ७.१०

घाडग्यांचे बूट. छुई माटीत चुनखडीची पूड, चिमूटभर राख, गेरूचा नुसता स्पर्श. रंग फिकट, बिस्किटी. त्या खोऱ्यातले युद्धकाळातले फोटो काकांनी प्रिंट काढून भिंतीला डकवलेत. ते कृष्णधवल आहेत, पण रस्ता फिकट आणि बूट त्याहून फिकट हे कळतं.

पूड कोरडीच घेतात. ब्रश शून्य नंबरचा, केस झडून निम्मे उरलेला. नवा ब्रश या कामाला चालत नाही, तो पूड ढकलत नेतो. बुटाच्या शिवणीत, नाडीखाली, टाचेच्या कडेला टेकवायचं. मग इन्सुलिनच्या सिरिंजमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, अगदी कडेला. थेंब आपोआप पसरतो, पुडीखाली शिरतो. धूळ एकदम काळपट होते. नवखा इथं घाबरतो आणि आणखी पूड टाकतो.

“काहून घाई करता? सुकू द्या न.”

दोन मिनिटांत अल्कोहोल उडून जातं. रंग परत फिकट येतो. पूड आता बुटाला धरून आहे. फुंकर मारली तरी हलत नाही.

बुटावरून घोट्याच्या पट्ट्यावर, तिथून गुडघ्यापर्यंत. जसजसं वर जाल तसतशी कमी. “धूळ वरून नाही पडत भाऊ. खालून चढते.” खांद्यावर जवळजवळ काहीच नाही. उजव्या गुडघ्यावर मात्र घासल्याचा गोल डाग, कारण माणूस आडोशाला एका गुडघ्यावर बसतो. कोपरांवर तसाच. मी पाहिलेली बरीच मॉडेलं डोक्यापासून पायापर्यंत एकसारखी तपकिरी असतात. ती मेहनतीनं केलेली असतात, पण खोटी वाटतात. काकांचा शिपाई कुठून चालत आला ते दिसतं.

गळ्याशी घामाचा थेंब लोंबतोय. तो शिपायावर पडू नये म्हणून काकांनी कपाळाला गमछा बांधलाय.

सकाळी ८.४०

पंखा सुरू. पुडीचं काम आजच्यापुरतं संपलं. बरण्यांची झाकणं घट्ट लावून झाल्याशिवाय काकू बटण दाबत नाहीत. एकदा दाबलं होतं, तेव्हापासून हा नियम. पोहे, वर शेव. काका हात साबणानं दोनदा धुतात. राख आणि चुनखडी पोटात नको.

सकाळी १०.००

ए मार्केट. सायकलवर. कडुनिंबाच्या सावलीतून, भिलाई स्टील प्लांटच्या पिवळट क्वार्टरांच्या ओळीतून. उन्हाचा चटका आत्ताच बसायला लागलाय.

औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिलची बाटली आणि दोन सिरिंजा. स्टेशनरीतून शून्य नंबरचा ब्रश, पंचेचाळीस रुपये. ब्रशाचं टोक ओठांत धरून तपासतात. एक केस बाहेर आलाय, परत देतात. तिसरा पसंत पडतो. फेव्हिकॉलची लहान बाटली. हार्डवेअरमध्ये एम-सील. तेवढ्यात दुकानदार विचारतो, नळ गळतो का? काका म्हणतात, नाही, माणसाचं नाक करायचंय. दुकानदाराला सवय आहे.

परदेशी कंपन्यांचे तयार रंग आणि ‘धुळी’ मिळतात. कुरिअरनं येतात. एका छोट्या बाटलीच्या पैशांत काकांचं महिन्याचं सामान येतं.

दुपारी १२.००

कूलर पूर्ण. हवा कोरडी असली की ॲक्रिलिक ब्रशावरच वाळतो. म्हणून ताटलीत ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग.

आता घाडग्यांची पाठ. खाकी ड्रिलचा शर्ट. इथं काकांना फोटोची गरज नाही.

कास्ट हाऊसमध्ये धातू सोडताना पाठ भिजायची, पाळी संपेपर्यंत सुकायची, पुन्हा भिजायची. घरी आल्यावर काकू शर्ट दोरीवर टाकायच्या तेव्हा त्यावर पांढऱ्या रेघा असत. मीठ मधोमध बसत नाही. ओल जिथं थांबते त्या काठावर बसतं. दुसऱ्यांदा भिजलं की दुसरी रेघ, पहिलीच्या थोडी आत किंवा बाहेर. पट्ट्याखालचं कापड मात्र वाळतच नाही. पट्टा सरकला की तिथं गडद पट्टी दिसते.

हे सगळं अर्ध्या इंचात उतरवायचं. आधी ऑइल कलरचा बर्न्ट अंबर, टर्पेंटाइनमध्ये इतका पातळ की ब्रशावर रंग आहे की नाही कळू नये. खांद्यांच्या मधे एक डाग. वाळू द्यायचा. मग काठावर मळकट पांढऱ्याची रेघ, तीन शून्यांच्या ब्रशानं, श्वास रोखून. रेघ पूर्ण झाली की टर्पेंटाइननं ओलावलेल्या ब्रशानं ती दोन-तीन ठिकाणी तोडायची. अखंड रेघ नकाशासारखी दिसते.

भिंगातून मला दाखवतात. ओला शर्ट. नुसता ओला नाही, दुसऱ्यांदा ओला झालेला.

दुपारी १.१५

शेजारचा मुलगा पाळीला निघाला. हथखोजच्या एका फॅब्रिकेशन शॉपात वेल्डरचा हेल्पर आहे. रोजी पाचशे, खाडा झाला की नाही. काका त्याला फाटकाशी थांबवतात. “पाय दाखव जरा.” तो हसून बूट पुढे करतो. बुटाच्या चवड्यावर ठिणग्यांचे काळे ठिपके, घडीच्या जागी चामडं पांढरं पडलेलं. काका मोबाइलनं फोटो घेतात. घडीची पांढरी रेघ घाडग्यांच्या बुटालाही लागेल.

वरण-भात, आंब्याचं लोणचं. मग अर्धा तास आडवे.

दुपारी ३.३०

जाधव. काकांनी त्याला लोकरी बॅटलड्रेस दिलाय. एप्रिल, उत्तर इटली, अंगावर जाड कापड. लोकर भिजली की गडद होते, जड होते, खाली ओढते. म्हणून खिसे आणि कोपरं आधीच एम-सीलनं किंचित लोंबती केलीत.

पाण्याची रेषा छातीवर. खालचा सगळा भाग दोन छटा गडद. रेषा सरळ नाही, कारण कापड पाणी वर ओढतं. मग सॅटिन वार्निश. चकचकीत वार्निश फक्त हेल्मेटच्या कडेला, बुटांवर आणि बोटांवर. कापडावर चकचकीत लावलं की शिपाई प्लास्टिकचा दिसतो.

चिखल वेगळा शिजवतात. प्लास्टर, चाळलेली अंगणातली माती, फेव्हिकॉल, थोडं वार्निश, शिवाय ज्यूटच्या सुतळीचे दोन-दोन मिलिमीटरचे तुकडे, गवत म्हणून. टूथपिकनं लावतात. गुडघ्यांवर, पोटऱ्यांवर, पंजांवर. बांध चढणारा माणूस हातांनी चढतो. टाचांवर कमी, कारण पाणी टाचा धुऊन काढतं.

नागपूरच्या ज्या निवृत्त शिक्षकांनी ही जोडी सांगितलीय, त्यांना घाडग्यांच्या दस्त्यावर रक्त हवं होतं. काकांनी फोनवर नाही म्हटलं. काकांचा शिपाई उठून धावायला निघालाय, तो क्षण आहे. दस्त्याला रक्त अजून लागलेलं नाही. मला हा निर्णय फार बरोबर वाटतो. त्याच्या मागे तुकडी पडलेली आहे हे त्याच्या मानेच्या वळणावरून कळतं, तेवढं पुरे.

संध्याकाळी ५.४५

फोन. भंडाऱ्याहून. एका घरात आजोबांचा फोटो सापडलाय. लढाईच्या गणवेशात, मागे दगडी भिंत. त्यांचा शिपाई करून हवाय. फोटो व्हॉट्सॲपवर येतो. काका मोठा करून बघतात. मान, खांदा, बूट.

“मागं काही लिवलं आहे का?”

होतं, असं पलीकडून सांगतात. पण फ्रेम करताना दुकानदारानं मागचा पुठ्ठा फाडून टाकला. इटली हे घरात सगळ्यांना माहीत आहे. महिना माहीत नाही. गाव माहीत नाही.

काका फोन ठेवतात. चेहरा करता येईल, गणवेश करता येईल. पण बुटांवर धूळ की चिखल? शर्ट घामानं ओला की बर्फात कडक झालेला? पलटणीचा क्रमांक मिळाला तर काही काढता येईल. तोही नाही. काका त्या घराला एक काम देतात: पेन्शनचा जुना कागद, मेडलची पेटी, ट्रंकेचा तळ, सगळं बघा. मेडलच्या काठावर नंबर असेल तर त्याचा फोटो पाठवा. तोपर्यंत पैसे पाठवू नका.

संध्याकाळी ७.३०

कपाटावर एक अर्धी होडी आहे, सागाच्या पट्ट्यांची, कोकणातल्या मच्छीमारांची. रंग झालाय. मळवणं राहिलंय. समुद्रानं लाकूड कुठं झिजतं, जाळं ओढून काठ कुठं गुळगुळीत होतो, डांबराचा थर कुठं सोलतो, हे काकांनी जवळून पाहिलेलं नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात तेव्हा हर्णैला जायचं ठरलंय. तोवर ती तशीच.

वहीत हिशेब. शिपायांची अर्धी पेटी चारशे ऐंशी. रंग, वार्निश, अल्कोहोल मिळून तीनशे दहा. ब्रश पंचेचाळीस. काचेची पेटी साडेसहाशे. कुरिअर दोनशे वीस. एकूण सतराशे पाच. ठरलेत सहा हजार. तास लिहायचा रकाना काकांनी आखलेलाच नाही.

रात्री ९.३०

दोघे शिपाई उपड्या काचेच्या ग्लासांखाली, रात्रभर सुकायला. पंखा सुरू.

काकांनी वाचकांसाठी एक निरोप दिलाय, तो जसाच्या तसा पोचवतो. घरात पलटणीतल्या कुणाचा जुना फोटो असेल तर फ्रेम करण्याआधी त्याची मागची बाजू वाचा. तारीख, गाव, पलटण, जे असेल ते उतरवून घ्या. मागच्या बाजूचाही फोटो काढा. आणि मेडल पॉलिश करू नका, काठावरचा नंबर झिजतो.