सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या पाणपिसवा

तळ्याच्या पाण्यात झटके देत वर-खाली होणाऱ्या, जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या पाणपिसवा जगभर सारख्याच असतात, असे प्राणिशास्त्र शंभराहून अधिक वर्षे मानत आले. त्या समजाला आधार होता. दिवस वाईट येऊ लागले की मादी सुप्त अंडी घालते. खोगिराच्या आकाराच्या टणक कवचात बंद झालेली ही अंडी चिखलात वर्षानुवर्षे टिकतात आणि बदकांच्या अंगाला चिकटून दूरवर जातात. जी. ओ. सार्स यांनी तर ऑस्ट्रेलियाहून आलेला वाळका चिखल नॉर्वेत भिजवून त्यातून पाणपिसवा वाढवल्या आणि १८८५ मध्ये त्यांचे वर्णन छापले. जो जीव असा प्रवास करतो तो सर्वत्र पोचणार, आणि सर्वत्र पोचला म्हणजे सर्वत्र एकच असणार, असा तो तर्क होता. गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाने त्यातले पहिले विधान बरेचसे खरे ठरवले आणि दुसरे खोडून काढले.

१९७० च्या दशकात पॉल हेबर्ट यांनी विकरांची रूपे तपासली, तेव्हा दिसायला एकसारख्या पाणपिसवांत किती आनुवंशिक वैविध्य दडलेले आहे ते कळू लागले. पुढच्या दशकात डेव्हिड फ्रे यांनी बारीकसारीक अवयवांवरून ‘जागतिक’ प्रजातींच्या कल्पनेवरच प्रश्नचिन्ह लावले. मग डीएनए आला. यातले सर्वांत बोलके उदाहरण नागपूरचे आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी तिथे गोळा केलेल्या नमुन्यांवरून विल्यम बेअर्ड यांनी १८५९ मध्ये शिंपल्यासारख्या कवचाचा एक चिमुकला जलचर नोंदवला. आज त्याचे नाव सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी. पाणपिसवांचा हा सर्वांत जवळचा हयात नातेवाईक आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका या सर्व खंडांच्या उष्ण प्रदेशांत आढळतो, म्हणून एकच प्रजाती समजला गेला. २०१३ मधल्या जनुकीय अभ्यासात तो अनेक प्रजातींचा समूह निघाला, आणि त्यांच्या फाटाफुटीची मुळे क्रेटेशस काळापर्यंत गेली. खुद्द पाणपिसवांतल्या डॅफ्निया या गटाच्या मुख्य शाखाही तितक्याच जुन्या आहेत: मंगोलियातल्या १४ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत त्यांची खोगिरे सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. रूप जवळपास थांबले होते, वंश मात्र वेगळे होत गेले.

अंडी पक्ष्यांबरोबर फिरतात, तर हे वंश मिसळत का नाहीत? पोचणे वेगळे आणि रुजणे वेगळे, हे याचे उत्तर. नव्या तळ्यात आधी आलेल्या मोजक्या माद्या नराविना, अनिषेकजननाने, झपाट्याने वाढतात, पिढ्यांमागून पिढ्या त्या पाण्याशी जुळवून घेतात आणि गाळात अंड्यांची पेढी साठवतात. उशिरा आलेल्याला जागाच उरत नाही. लुक द मेस्टर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेला हा विचार मला पटतो, कारण जुळवून घेण्याचा वेग गाळानेच दाखवला आहे. कॉन्स्टन्स सरोवरात प्रदूषणामुळे निळे-हिरवे शेवाळ वाढले, त्याच्या आधीची आणि नंतरची अंडी उबवून पाहिली, तर नंतरच्या पाणपिसवांना ते निकृष्ट खाद्य अधिक सोसवत होते. काही दशकांतली ही उत्क्रांती १९९९ मध्ये नोंदली गेली.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. अमेरिकी पाणपिसूचा एकच अलिंगी क्लोन आफ्रिकाभर पसरला आणि केनियाच्या नैवाशा सरोवरात त्याने स्थानिक भगिनी-प्रजातीला हटवले. मग आधी आलेल्याचा हक्क कुठे राहिला? पण हा क्लोन तिथे पोचला तो १९२० च्या दशकात, माणसाने अमेरिकेतून बास मासे आणून सोडले त्या सुमारास. कोट्यवधी वर्षांत पक्ष्यांना जे जमले नाही ते माणसाने काही दशकांत केले, त्यामुळे हे उदाहरण जुन्या तर्काच्या बाजूने जात नाही. एक सावधगिरी मात्र हवी. पाणपिसवांत संकर वारंवार होतो, तेव्हा केवळ मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून दर फरकाला नवी प्रजाती म्हणणे घाईचे ठरेल.

महाराष्ट्रात आज जुन्या तलावांतला गाळ उपसून शेतात टाकला जातो. पाण्यासाठी ते गरजेचेच आहे, पण त्या गाळाबरोबर अंड्यांची पेढीही जाते. उपसण्याआधी प्रत्येक जुन्या तलावाच्या गाळाचा एक उभा नमुना काढून जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे ठेवावा.