मागच्या अंगणातला महारुखाचा चुलतभाऊ

घर घेतल्यावर पहिली एक-दोन वर्षे आपले सारे लक्ष पुढच्या हिरवळीवर असते. शेजारी काय म्हणतील ही काळजी साता समुद्रापलीकडेही सुटत नाही. मागच्या कुंपणाकडे नजर जाते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोपर्यंत तिथे पुरुषभर उंचीची झाडी माजलेली असते आणि ती पाहून आपल्याला बरेच वाटते. न लावता, न पाणी घालता एवढी झाडे आली! त्यातले एखादे तर ओळखीचेच वाटते. सरळसोट खोड, हातभर लांब पिसासारखी पाने. भारतातून आलेले आई-वडील हमखास विचारतात, "अरे, इथे कडुनिंब उगवतो का?"

कडुनिंब इथल्या थंडीत टिकत नाही. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क या भागात कुंपणाकडेला, हमरस्त्याच्या कठड्यालगत, आगगाडीच्या रुळांशेजारी दिसणारे हे झाड म्हणजे 'ट्री ऑफ हेवन', शास्त्रीय नाव आयलँथस अल्टिसिमा. मूळचे चीनचे. आपल्याकडे देशावर रस्त्यांच्या कडेला नि शेतांच्या बांधांवर जो महारुख असतो, त्याचा हा सख्खा चुलतभाऊ. महारुख म्हणजे आयलँथस एक्सेल्सा. तेव्हा ओळखीचे वाटले यात नवल नाही. फक्त गुढीला डहाळी बांधण्याचा बेत कोणी करू नये. एक तर हा निंब नव्हे, आणि दुसरे म्हणजे पाडव्याच्या सुमारास इथे त्याला पानेच नसतात.

१७८४ साली विल्यम हॅमिल्टन नावाच्या बागप्रेमी गृहस्थाने हे झाड फिलाडेल्फियात आणले, शोभेसाठी. धूर, धूळ, नापीक जमीन, काहीही असो, ते वाढत गेले. बेटी स्मिथ यांच्या १९४३ सालच्या 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन' या कादंबरीतले झाड ते हेच. चिकाटीचे प्रतीक म्हणून कादंबरीत ते शोभते. परसात मात्र त्याच चिकाटीचा त्रास होतो. मोठे मादी झाड वर्षाला तीन लाखांहून अधिक पंखधारी बिया वाऱ्यावर सोडू शकते. मुळांतून ते असा रस सोडते की आसपास दुसऱ्या रोपांनी डोके वर काढू नये. आणि २०१४ साली पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स परगण्यात सापडलेल्या 'स्पॉटेड लँटर्नफ्लाय' या ठिपक्याठिपक्यांच्या किड्याचे हे अत्यंत आवडते झाड. द्राक्षबागांचे त्या किड्याने फार नुकसान केले आहे. त्याची अंडी वाळलेल्या चिखलाच्या सारवणासारखी दिसतात आणि झाडाच्या खोडावर, दगडावर, अंगणातल्या खुर्च्यांवर, गाडीवरसुद्धा असतात. अशी अंडी आपण नकळत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोहोचवतो.

ओळखायचे कसे? आपल्या आजीबाई झाडपाला ज्या रीतीने ओळखत, तीच रीत इथेही चालते: पान चुरडा, वास घ्या, साल खरवडा. ट्री ऑफ हेवनचे पान चुरडले की खवट शेंगदाण्यासारखा वास येतो. एकदा घेतला की विसरत नाही. पर्णिकेची कड सरळ असते, फक्त देठाजवळ एक-दोन बोथट दात असतात. हे महत्त्वाचे, कारण 'ब्लॅक वॉलनट' म्हणजे काळा अक्रोड आणि 'स्टॅगहॉर्न सुमॅक' ही दोन इथलीच गुणी झाडे दुरून अगदी अशीच दिसतात. त्यांच्या पर्णिकांना मात्र कडेभर करवतीसारखे दाते असतात, आणि सुमॅकच्या कोवळ्या फांदीवर मखमली लव असते. आगंतुक समजून अक्रोड तोडणारे लोक आहेत. म्हणून करवतीआधी नाक वापरावे.

पुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. हे झाड ओळखले की आपला पहिला विचार असतो, माणूस बोलावून तोडून टाकू. इथेच घोटाळा होतो. वसंतात किंवा उन्हाळ्याच्या आरंभी ते नुसते कापले, तर जमिनीखालच्या मुळांना जणू हुकूम सुटतो आणि पन्नास-पन्नास फुटांवरून धुमारे फुटतात. एका झाडाची तीस झाडे होतात, त्यातली काही शेजाऱ्याच्या हद्दीत. झाड पैसे देऊन तोडायचे आणि वर वन वाढवायचे! कारण सोपे आहे: वसंतात झाडाचा साठा मुळांकडून वर जात असतो, जुलैच्या मध्यापासून तो पानांकडून मुळांकडे उतरू लागतो. औषध मुळांपर्यंत पोहोचायचे तर ते याच उतरणीच्या काळात, म्हणजे जुलैपासून पानांचा रंग पालटेपर्यंत द्यायला हवे. खोडाला कुऱ्हाडीने थोड्या थोड्या अंतरावर तिरप्या खाचा पाडून त्यांत तणनाशक सोडतात. खाचांच्या मध्ये जिवंत साल राखायची; सलग कडे पाडले तर औषध खाली उतरायची वाटच बंद होते. मग निदान महिनाभर झाड तसेच उभे ठेवायचे आणि त्यानंतर तोडायचे. वीतभर रोप असेल तर या खटाटोपाची गरज नाही. पाऊस पडून गेल्यावर हातमोजे घालून मुळासकट उपटले की काम झाले. मोजे विसरू नका, त्याच्या रसाने काहींच्या त्वचेवर पुरळ येते.

तणनाशकाच्या बाटलीवरचा मजकूर हा इथे कायदा आहे, सल्ला नव्हे. ओढ्याच्या किंवा तळ्याच्या काठी फवारायचे तर राज्याचे वेगळे नियम असतात; तिथे परवानाधारक माणूसच बोलवावा.

प्रत्येक झाडाची राहणी वेगळी, म्हणून उपायही वेगळा. 'जपानी नॉटवीड' घ्या. बांबूसारख्या पोकळ, पेरेदार कांड्या, फावड्याच्या पात्यासारखी पाने, ऑगस्ट-सप्टेंबरात पांढऱ्या फुलांचे तुरे. मोठी देखणी वनस्पती. हिच्यावर गवत कापायचे यंत्र फिरवणे म्हणजे पेरणी करणे, कारण जमिनीखालच्या कांडाचा नखाएवढा तुकडाही रुजतो. तो कंपोस्टच्या ढिगात टाकला तर तिथेही संसार थाटतो. जूनमध्ये कापायचे, सगळे तुकडे गोळा करायचे, आठ आठवडे वाढू द्यायचे आणि उन्हाळा सरताना फवारायचे, असे दोन-तीन वर्षे चालवावे लागते.

याउलट 'गार्लिक मस्टर्ड'. तिचे पान चुरडले की लसणाचा वास येतो, फुले मोहरीच्याच कुळातली, चार पाकळ्यांची, पांढरी. युरोपीय लोकांनी ही बहुधा स्वयंपाकासाठी आणली असावी; लाँग आयलंडवर १८६८ साली तिची नोंद झाली. पहिल्या वर्षी जमिनीलगत गोल पाने, दुसऱ्या वर्षी फुले, बी आणि शेवट, एवढेच तिचे आयुष्य. हिला औषध कशाला? एप्रिल-मे महिन्यांत फुलावर असताना, शेंगा पिकण्याआधी, ओल्या जमिनीतून उपटायची आणि पिशवीत बांधून टाकायची. मुले हे काम आनंदाने करतात. मात्र बी जमिनीत अनेक वर्षे टिकते, म्हणून पाच-सहा वसंत तरी चिकाटी हवी. कोवळ्या पाल्याची चटणी करता येते, पण जिथे फवारणी झाली असेल तिथला पाला घरात आणू नये.

तिसरी 'जपानी बार्बेरी'. ही तर आपण पैसे मोजून आणतो. लालबुंद पानांची बुटकी काटेरी झुडपे नव्या वसाहतींत बिल्डरच लावून देत असत. काडी खरवडून पाहा, आत हळदीसारखा पिवळा रंग दिसेल. आपली दारुहळद हिच्याच कुळातली. पक्षी तिची फळे खाऊन बिया रानात नेतात. हरणे काट्यांमुळे तिला तोंड लावत नाहीत, ती बाकीचे रान खातात आणि हिला मोकळे रान मिळते. कनेटिकटमधल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे की हिच्या दाट जाळीत ओलावा टिकतो, म्हणून 'लाइम' रोग पसरवणाऱ्या गोचिडी तिथे फार मोठ्या संख्येने जगतात. मुलांचा चेंडू जिथे जाऊन अडकतो, तिथेच ही जाळी असते. न्यू यॉर्क राज्यात हिची विक्री, काही वांझ जाती वगळता, २०१५ पासून बंद आहे. पेनसिल्व्हेनियाने २०२१ साली तिला हानिकारक तणांच्या यादीत घातले. मुळे फार खोल नसल्याने कुदळीने खणून निघते. काम झाल्यावर कपडे धुण्याआधीच ड्रायरमध्ये दहा मिनिटे कडक आचेवर फिरवावेत आणि अंग तपासून पाहावे.

इथे एक इशारा. झाडी साफ करताना तीन-तीन पानांची वेल दिसली तर थांबा. ती 'पॉयझन आयव्ही'. ही परकी नव्हे, इथलीच. तिची फळे पक्ष्यांना उपयोगी पडतात. पण आपल्याकडे बिब्बा उततो म्हणतात ना, तसेच हिचे आहे, कारण दोघांचे कूळ एकच, आंब्या-काजूचे. ती कधीही जाळू नये. तिचा धूर फुप्फुसात गेला तर इस्पितळ गाठावे लागते.

म्हणजे 'इथली ती चांगली, बाहेरची ती वाईट' असे हे गणित नाही. १९९९ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेल्या आदेशात आक्रमक प्रजातीची व्याख्या आहे. तिथे 'एलियन' हा शब्द वाचून, तोच शब्द आपल्या इमिग्रेशनच्या कागदांवर पाहिलेल्या आपल्यासारख्यांना जरा टोचते. पण व्याख्या तेवढ्यावर थांबत नाही. त्या प्रजातीने अर्थव्यवस्थेचे, पर्यावरणाचे किंवा माणसाच्या आरोग्याचे नुकसान केले किंवा करण्याची शक्यता असली, तरच ती आक्रमक. अमेरिका खंडातून आपल्याकडे मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ आले, दसऱ्याचा झेंडूही तिकडूनच आला. त्यांना कोणी घुसखोर म्हणत नाही. आणि त्याच खंडातून गाजरगवतही आले. १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे देशभर माळरान, शेते नि माणसांची त्वचा-श्वास या सर्वांना त्याने छळले. घाणेरीही तिकडचीच, शोभेसाठी आणलेली.

हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणून आपल्या पिशवीकडेही बघायला हवे. फ्लोरिडातल्या मावशीकडून कढीलिंबाचे रोप गाडीत घालून आणणे हे अनेकांना निरुपद्रवी वाटते. पण कढीलिंब हा संत्र्या-लिंबाच्या कुळातला. त्या झाडांना 'ग्रीनिंग' नावाचा रोग पसरवणारा चिमुकला किडा कढीलिंबावर सुखाने राहतो. हा किडा फ्लोरिडात १९९८ साली आणि रोग २००५ साली आढळला. पुढच्या वीस वर्षांत, काही अंशी वादळांमुळे पण मुख्यतः या रोगामुळे, तिथले संत्र्यांचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घसरले. म्हणून तिथून कढीलिंबाचे रोप असे बाहेर नेण्यास मनाई आहे. भारतातून ताजी पाने आणण्यासही. रोप हवेच असेल तर परवानाधारक रोपवाटिकेकडून घ्यावे.

ओळख पटत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. प्रत्येक राज्याच्या कृषी विद्यापीठाची 'एक्स्टेन्शन' कचेरी परगण्यागणिक असते, न्यू जर्सीत रटगर्सची, पेनसिल्व्हेनियात पेन स्टेटची. तिथले 'मास्टर गार्डनर' स्वयंसेवक फुकट सल्ला देतात. पानासकट हातभर डहाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यावी. सुटे एक पान नेले तर तेही गोंधळतात.

आणि झाडी काढल्यावर जमीन उघडी ठेवू नका, नाहीतर पुढच्या वसंतात तीच मंडळी परत हजर होतात. बार्बेरीच्या जागी 'स्पाइसबुश' लावता येते. हे इथलेच झुडूप. सावलीत वाढते आणि पान चुरडले की मसाल्याच्या डब्याचे झाकण काढल्यासारखा वास येतो. ऑक्टोबरात लावावे, आणि पहिला उन्हाळाभर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी घालावे.