तोंड नसलेला खिसा

माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंगा विठोबाला उतरली, की मधल्या गल्ल्यांना दोन दिवस रस्ता म्हणता येत नाही. त्यातल्या एका गल्लीत आमच्या ओळखीचे मास्तर पायमशीन ओट्यावर आणून बसतात. डावीकडे एकजण तुटक्या चपला शिवत असतो, उजवीकडे न्हावी भराभर दाढ्या उरकत असतो. पैसे कुणीच घेत नाही. मास्तर शिंपी. नामदेव महाराज आमचेच, असं ते सांगतात आणि म्हणून हे दोन दिवस दुकानात एकही गिऱ्हाइकाचा कपडा हातात धरत नाहीत.

मी सकाळपासून त्यांच्या शेजारी बसलो होतो, सुईत दोरा ओवून द्यायच्या बोलीवर. उसवलेली पिशवी, फाटलेलं धोतर, पताकेचा काठी घालायचा नेफा अशी कामं येत होती. पण दर चार-पाच माणसांमागे एकजण ओट्याला टेकून, आवाज खाली आणून म्हणायचा, "माउली, आतून एक खिसा लावता का?"

चोरखिसा. शब्द गमतीचा आहे. खिसा चोराचा नाही, चोरापासून चोरलेला.

माझी समजूत अशी, की हे पाच मिनिटांचं काम. कापडाचा एक चौकोन, तीन बाजूंनी टीप, झालं. मास्तरांनी पहिल्याच बंडीला ही समजूत मोडली. बंडी त्यांनी उलटी केली, डाव्या बगलेखाली चार बोटं मोजली, थोडं पाठीकडे सरकून खडूनं खूण केली. छातीवर का नाही, मी विचारलं. "तिथं एक खिसा आहेच. चोराचा हात जिथं आधी जातो, त्याच्याच मागे दुसरा लावायचा म्हणजे तिजोरीला पाटी लावल्यासारखं." बगलेखालच्या खिशावर दंड टेकलेला राहतो. हात वर केला नाही तर तिथं बाहेरून बोट शिरत नाही.

मग कापड. गठ्ठ्यातून मऊ, चकचकीत टेरिकॉटचा तुकडा मी पुढे केला तो त्यांनी बाजूला टाकला आणि जुन्या मांजरपाटाचा घेतला. गुळगुळीत कापडात नोट चालता चालता वर सरकते. मांजरपाट खरखरीत, ते नोटेला धरून ठेवतं, शिवाय घाम पितं. खालचे दोन्ही कोपरे त्यांनी कात्रीनं गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यात नाणं अडकतं आणि शिवण आधी तिथंच जाते. टीप दुहेरी, आणि सुरू करताना व संपवताना मागे येऊन पुन्हा पुढे.

पण खरी मेख निराळीच होती. खिसा त्यांनी बंडीच्या कापडाला शिवलाच नाही. बाजूची शिवण असते ना, तिच्या आत दोन बोटं कापड जादा सोडलेलं असतं. शिंपी त्याला माया म्हणतात. खिसा त्या मायेला टाचला आणि बाकीचा लोंबता सोडला. "कापडाला शिवला तर बाहेर टिपेची चौकट उमटते. बघणाऱ्याला ती चौकट म्हणजे पत्ता." बंडी सुलट करून त्यांनी माझ्या हातात दिली. मी चोळून, उजेडासमोर धरून पाहिली. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मायेला शिवलेला खिसा या शब्दांत एखाद्या कीर्तनकाराला तासभराचं निरूपण सापडेल. मास्तर तोवर पुढच्या धोतराकडे वळले होते.

मापाची गोष्ट त्यांनी मग चहा पिताना सांगितली. पूर्वी ते साडेतीन इंच रुंद खिसा करायचे. जुनी पाचशेची नोट घडी घालून त्यात बसायची, ती 167 मिलिमीटर लांब होती. 2016 च्या नोटाबंदीनंतर पाचशेची नोट 150 मिलिमीटरवर आली, उंचीही 73 वरून 66 वर. नोटा लहान झाल्या, खिसे तेच राहिले. ढिल्या खिशात घडी फिरते, आडवी होते, तिचा फुगवटा येतो. पुढच्या वर्षीच्या वारीत लोक जुन्या बंड्या घेऊन खिसे आवळून घ्यायला आले होते म्हणे. आता ते तीन इंचाला जरा वर जातात. पण हल्ली नवा पेच निघाला आहे. लोकांना त्याच खिशात बँकेचं कार्डही ठेवायचं असतं, आणि कार्ड काही घडी होत नाही. ते ताठ, साडेआठ सेंटिमीटरचं. अशांसाठी मास्तर खिसा उभा करतात आणि मधे एक टीप मारून दोन कप्पे पाडतात.

माझं पाकीट गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या दिवशी ओट्यावर बसून ते का गेलं ते मला नीट कळलं. एसटी फलाटाला लागत होती. ती थांबायच्या आत लोकांनी खिडक्यांतून रुमाल, टोप्या, एकानं तर चक्क पोर आत टाकलं होतं. मीही रुमाल टाकला. मग दाराशी जो लोंढा होतो त्यात उजव्या हातानं दांडी धरली, डाव्या हातानं बॅग डोक्यावर. मागून रेटा आला, पुढचा माणूस पायरीवरच अडला. त्याला म्हणे कुणाला तरी हाक मारायची होती. "अहो, चढा की," असं मी ओरडलो. तो चढलाच नाही, उतरून गेला. मी विजयी मुद्रेनं रुमालावर जाऊन बसलो. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा मागच्या खिशात फक्त खिसा होता.

पायरीवर अडलेला तो माणूस वेंधळा नव्हता. त्याचं ते कामच होतं. एकजण अडवतो, दुसरा रेटतो, तिसरा टॉवेल किंवा वर्तमानपत्राच्या आडून हात घालतो आणि माल लगेच चौथ्याकडे जातो, म्हणून पकडलेल्या माणसाच्या अंगावर काही सापडत नाही. मुंबईच्या पाकीटमारांच्या बोलीत हात घालणाऱ्याला 'मशीन' म्हणतात. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पायाखालच्या मशीनकडे एकदा पाहिलं आणि चाक फिरवलं.

त्या दिवशी मी एक आणखी मूर्खपणा केला होता. बस यायच्या आधी स्थानकावरची 'खिसेकापूंपासून सावध राहा' ही पाटी वाचली आणि हात मागे नेऊन पाकीट चाचपलं. पाटी वाचणारा दर दुसरा माणूस हेच करतो. म्हणजे ती पाटी आम्हाला सावध करते आणि पलीकडे कठड्याला टेकून उभ्या माणसाला, कुणाचा माल कुठल्या खिशात आहे, तेही सांगून टाकते. चोराला शोधावं लागत नाही. मालकाचा हातच त्याला दाखवतो.

मास्तरांच्या सगळ्या कारागिरीचा रोख या हातावर आहे, हे मला दुपारपर्यंत उमगलं. त्यांच्या खिशापर्यंत पोचायला बंडीची दोन बटणं काढून गळ्यातून हात खाली न्यावा लागतो. एका तरुण वारकऱ्यानं तक्रार केली, की हे फार अडचणीचं आहे, बाजूनं चीर ठेवा. मास्तर म्हणाले, "अडचण तुझ्यासाठीच आहे. चोर दिवसातून एकदा येईल. तू पन्नास वेळा चाचपशील."

त्यावरचा उपाय जुनाच आहे आणि तो शिंप्याच्या हातात नाही. वाटखर्ची वेगळी, ठेव वेगळी. वाटखर्चीचे सुटे पैसे उघड खिशात, कनवटीला किंवा पानाच्या चंचीत. ते गेले तर चहा गेला. ठेवीला वाटेत हातच लावायचा नाही. एक म्हातारबाबा तर हसून म्हणाले, की पुढच्या खिशात दहाच्या नोटा मुद्दाम ठेवतो, येणाऱ्याला रिकाम्या हातानं का पाठवावं. दिंडीतल्या जुन्या माणसांना पैसे फारसे लागतही नाहीत. दोन वेळच्या जेवणाची भिशी त्यांनी आधीच भरलेली असते, वळकटी ट्रकमध्ये असते, अंगावर टाळ आणि तुळशीची माळ. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर त्यांच्याइतका निर्धास्त माणूस मी पाहिला नाही. घाबरलेले दिसतात ते आमच्यासारखे, एक टप्पा चालून संध्याकाळी घरी परतणारे.

बायकांचं काम मास्तरांची सून घरात करते, दार लोटून. तिथला चोरखिसा परकराच्या नेफ्याखाली, आतल्या अंगानं, वर झाप आणि दोन टिचबटणं. नऊवारी नेसणाऱ्या जुन्या बाया मात्र शिवणीवर विश्वास ठेवत नाहीत, त्या गाठीवर ठेवतात. लुगड्याच्या टोकाला अशी गाठ, की सोडायची तर दात लावावे लागतात. कार्ड, कोड, स्कॅन हे सगळं त्यांच्या नातींकडे.

आणि नातींची चिंता पाकिटाची नसतेच, मोबाइलची असते. पैसे, तिकीट, आधार, बँक, सगळं त्या एका फळीत. गळ्यातल्या पाऊचमध्ये ती लटकत असते, दर दोन मिनिटांनी फोटोसाठी बाहेर येते. दिवेघाटात फोटो काढायला वर धरलेले हजार हात आणि खाली उघडे पडलेले हजार खिसे, हे दृश्य चोराच्या डोळ्यांनी एकदा पाहावं. त्यात एवढ्या गर्दीत नेटवर्क आचके देतं, मग चहावाल्यासमोर स्कॅन फिरत राहतं आणि शेवटी आजीची गाठच सुटते.

माझ्या पाकिटात चौदाशे रुपये होते, ते मी विसरलो. दुखलं ते कार्डाचं. लायसन्सच्या पाठीमागे मी पेन्सिलीनं चार आकडे लिहून ठेवले होते. बस घाटात असतानाच दोन संदेश आले, पैसे काढल्याचे. कार्ड बंद करायला बँकेला फोन करायचा, तर तो नंबर कार्डाच्या मागे छापलेला! पिन असा स्वतःच्या हातानं वाटून ठेवला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे मला जी चाळीस मिनिटं तो नंबर शोधायला लागली, ती माझी. आता पिनही लागेलच असं नाही. 2021 पासून पाच हजारांपर्यंतची रक्कम कार्ड यंत्राला नुसतं टेकवून जाते. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं ही टेकवण्याची सोय, ऑनलाइन खरेदी, परदेशातला वापर हे एकेक करून चालू-बंद करण्याची, मर्यादा घालण्याची मुभा ग्राहकाला द्यायला बँकांना लावलं. प्रवासाला निघताना दाराला कुलूप लावतो तसं मी आता ते बंद करतो. घरी येऊन उघडायला विसरतो आणि किराणा दुकानात फजिती होते, ते वेगळं.

नंबर कुठं लिहावेत, ते मला त्या ओट्यावर दिसलं. नातीनं आजीच्या हरिपाठाच्या पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर बॉलपेननं घरचा, दिंडीवाल्यांचा आणि बँकेचा फोन लिहून दिला होता. हरिपाठ कोण चोरणार?

कायदाही मधे बदलला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं 379 कलम जाऊन 303 झालं आणि टोळीनं केलेली पाकीटमारी 112 व्या कलमात नाव घेऊन आली, एक ते सात वर्षं. मी हे जरा ऐटीतच सांगितलं. मास्तर दोरा तोडत म्हणाले, "कलम बदललं. ब्लेड तेच आहे."

चारच्या सुमाराला परभणीकडच्या एक मावशी आल्या. सून जेवायला बसली होती, म्हणून त्या ओट्याच्या कडेलाच टेकल्या. हातात खिसा नव्हता, कापडाची तयार पिशवी होती, तळहाताएवढी, आत दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलेलं. माझी नजर गेली तशी त्यांनी ती पदराआड घेतली. मग मास्तरांकडे पाहून पुन्हा बाहेर काढली.

"ही परकराला लावून द्या. आन् तोंड ठेवू नका."

"तोंड नको? मग काढणार कसे?"

"माझे न्हाईत ते. गावातल्यांचे हैत. कुणी अकरा दिले, कुणी एक्कावन. एकीनं पाचशे दिले, तिचं पोरगं दवाखान्यात व्हतं. समदे देवाच्या पेटीत टाकायचे." त्यांच्या स्वतःच्या वाटखर्चीचे पैसे पदराच्या टोकाला होते, सैलसर गाठीत, कुणालाही दिसतील असे.

मास्तरांनी मशीन बाजूला सारलं आणि हातशिलाईला घेतलं. मी दोरा ओवून दिला, त्यांनी तो काढायला लावून दुहेरी ओवायला सांगितला. परकराच्या आतून, नेफ्याच्या मायेत, चारी बाजूंनी उलटी टीप. इतका वेळ त्यांनी दिवसभरात कुठल्याच खिशाला दिला नव्हता. प्लास्टिक चुरचुरत होतं, म्हणून मधेच थांबून त्यांनी त्यावर मांजरपाटाची आणखी एक घडी घातली. मावशी टाक्याटाक्याकडे बघत होत्या.

शेवटची गाठ मारून मास्तरांनी परकर पुढे केला. मावशींनी अंगठा फिरवून चारही कडा तपासल्या, एक कोपरा ओढून पाहिला आणि समाधानानं घडी घातली.

"आता हे उसवायचं कसं, ते सांगा," मी म्हणालो.

"पंढरपुरात बघंन की," त्या उठता उठता म्हणाल्या. "न्हाव्याकडून एक पान मागून घेईन बलेडचं."