वायफायवरची हार्ड डिस्क : समज आणि वस्तुस्थिती

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात, मालगुजारी तलावांच्या, धानाच्या बांध्यांच्या आणि दिवाळी सरताच मंडईच्या रात्री जागविणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांच्या या मुलखात, गेल्या काही वर्षांत घरोघरी एक नवेच दप्तर साचत गेले आहे. लग्नांची चित्रीकरणे, दंडारीची आणि नाटकांची रेकॉर्डिंगे, परसवाड्याच्या तलावावर टिपलेली सारसांची छायाचित्रे, राइस मिलच्या हिशेबाच्या फायली असे ते दप्तर, बहुधा खिशात मावेल एवढ्या एका हार्ड डिस्कमध्ये, कोणतीही दुसरी नक्कल नसताना पडून असते. आणि तीच डिस्क राउटरला जोडून घरातील प्रत्येक मोबाइलवर उघडण्याची सोय आता सहज उपलब्ध झाल्यामुळे, त्या सोयीविषयी जे समज पसरले आहेत ते तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

सर्वांत रूढ समज असा की, डिस्क वायफायला जोडली म्हणजे ती नेटवर गेली, आणि तिच्यातील एखादा चित्रपट पाहिला की दिवसाचा डेटा संपला. वस्तुतः राउटरची कामे दोन, आणि ती परस्परांहून निराळी : घरातील उपकरणे एकमेकांस जोडणे हे पहिले, व त्या सर्वांना बाहेरच्या जगाचा मार्ग देणे हे दुसरे. डिस्कवरील फाइल मोबाइलवर येते ती पहिल्या मार्गाने, घराच्या चार भिंतींच्या आत. त्यामुळे रिचार्ज संपला असो वा बाहेर कुठे रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलेली असो, राउटरला वीज आहे तोवर हा व्यवहार बिनदिक्कत चालू राहतो. ज्यास याची खातरजमा करावयाची असेल त्याने फायबरची तार काढून ठेवावी आणि विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये, पत्त्याच्या रकान्यात, दोन उलट्या तिरक्या रेघांपुढे राउटरचा पत्ता, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, लिहून पाहावा. डिस्क वाटून देण्याची सोय राउटरमध्ये सुरू केलेली असल्यास तिचे कप्पे समोर उभे राहतात.

मात्र यावरून ती आपोआप सुरक्षित आहे असा जो दुसरा निष्कर्ष काढला जातो, तो पहिल्या समजाहून अधिक घातक होय. अनेक राउटर जोडलेली डिस्क पासवर्डाविनाच सर्वांस खुली करतात, म्हणजे ज्या पाहुण्याला आपण वायफायचा पासवर्ड दिला त्याला घरच्या दप्तराचीही मुभा दिली, आणि तीही केवळ वाचण्याची नव्हे, तर पुसून टाकण्याची. जुने राउटर फायली देण्याघेण्यासाठी एसएमबी या नियमावलीची पहिली आवृत्ती वापरतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने याच आवृत्तीतील दोषाच्या वाटेने जगभर धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० नव्याने बसविताना ती मुळातच बंद ठेवण्यात येऊ लागली. ‘डिस्क दिसत नाही’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते, आणि त्यावर ती आवृत्ती पुन्हा सुरू करण्याचा जो उपाय सुचविला जातो तो करू नये. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, आणि तेवढ्याने भागत नसेल तर डिस्क सरळ संगणकाला लावावी. घराबाहेरून डिस्क उघडण्याची सोयही, नितांत गरज नसल्यास, बंदच असू द्यावी. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या नेटवर्क-डिस्कांतील माहिती अज्ञात हल्लेखोरांनी दुरूनच पुसून टाकली. त्या उपकरणांसाठी शेवटची सुधारणा २०१५ मध्ये निघाली होती.

वेगाविषयीची निराशा गणिताच्या अभावी होते. डब्यावरील ‘३०० एमबीपीएस’ हा आकडा बिटांचा, फाइलचा आकार बाइटांचा, आणि आठ बिटांचा एक बाइट. शिवाय हवेतून प्रत्यक्षात पोहोचणारा वेग छापील आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच राहतो. म्हणजे अशा राउटरवरून सेकंदाला १८ मेगाबाइट मिळाले तर ते उत्तमच समजावे, आणि त्या वेगाने ४ गिगाबाइटांचे नाटकाचे रेकॉर्डिंग उतरण्यास पावणेचार मिनिटे लागावीत, हे हिशेबास धरूनच आहे. यूएसबी ३.० ची डिस्क घेतली म्हणजे वायफायही वेगवान होईल ही अपेक्षा व्यर्थ, किंबहुना क्वचित उलटच घडते : या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ-गोंगाट उत्पन्न होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. डिस्क राउटरच्या अँटेनाला खेटून न ठेवता चांगल्या प्रतीच्या तारेने हात-दीड हात दूर ठेवावी.

डिस्क लावताच ‘टिक-टिक’ असा आवाज येत राहिला तर ती बिघडलीच असे समजून दुकान गाठण्याची घाई करू नये. यूएसबी २.० च्या जोडणीतून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर, ३.० मधून ९०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो, आणि तो अपुरा पडला की चकती पुरती फिरू शकत नाही. स्वतंत्र अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घातल्यास आवाज बहुधा थांबतो. तरीही तो थांबला नाही, तर मात्र वीज तत्काळ बंद करावी. मोठी फाइल डिस्कवर जात नसेल तर डिस्कचा फॉरमॅट पाहावा, कारण फॅट३२ मध्ये ४ गिगाबाइटांहून मोठ्या फाइलला मज्जावच आहे. आणि बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क सामान्य घरगुती राउटर वाचूच शकत नाही.

आता ज्या समजाने सर्वाधिक हानी होते त्याकडे वळतो : डिस्क राउटरला लावली, घरभर दिसू लागली, म्हणजे माहितीचा बॅकअप झाला. वस्तुतः ही अस्सल प्रत एकच, आणि तीही अहोरात्र चालू. पाऊस सुरू होण्याआधीच्या वादळी संध्याकाळी लाइन जाते, येते, पुन्हा जाते, आणि प्रत्येक वेळी, कधी फाइल लिहिली जात असतानाच, डिस्कची वीज अकस्मात तुटते. अर्धवट लिहिलेली नोंद संपूर्ण कप्पा वाचता न येण्यास पुरेशी ठरते. शिवाय अनेक पोर्टेबल डिस्कांच्या माहितीपत्रकात भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते, आणि मे महिन्यात गोंदियातील दुपार, घरातसुद्धा, ती सहज ओलांडते. झाडीपट्टीच्या एखाद्या नाटकाचा तो प्रयोग पुन्हा तसाच होणार नाही, आणि ज्या सारसांची गणना या जिल्ह्यात दरवर्षी तळमळीने केली जाते त्यांची छायाचित्रे एका डिस्कच्या भरवशावर सोडणे मला असह्य वाटते.

म्हणून तजवीज अशी असावी : राउटरला जोडलेली डिस्क पाहण्यासाठी, व तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर, जी महिन्यातून एकदाच संगणकाला लावून पुन्हा कपाटात ठेवली जाईल; आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी तिसरी नक्कल आमगाव, देवरी किंवा नागपूरच्या नातेवाइकाकडे ठेवावी. राउटरला छोटा यूपीएस लावावा, डिस्क काढण्यापूर्वी राउटरच्या पानावरील ‘सेफली रिमूव्ह’ दाबावे, विजा कडाडू लागल्या की राउटरचा आणि हब असल्यास त्याचाही अॅडॉप्टर भिंतीतून काढावा, आणि नक्कल झाल्यावर तिच्यातील दोन-चार फायली उघडून, शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात.