एवढं लांब जातोय, तर दोन दिवस करूया का?

पुण्या-मुंबईच्या माणसांना हा प्रश्न पडत नाही. सकाळी उठायचं, गाडी काढायची, खोपोलीला इमॅजिकात दिवस घालवायचा आणि रात्री घरी. एखादी राइड राहिली तर पुढच्या वर्षी. आपल्याकडचं तसं नाही. पिरनवाडीतून निघायचं म्हणजे पुण्यापर्यंतच साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, तिथून पुढे आणखी ८०-९०. म्हणून घरात विषय निघाला रे निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं, "एवढं लांब जातोय, तर दोन दिवस करूया की!"

आमच्या घरी यंदा हे वाक्य ह्यांनी म्हटलं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला असल्यामुळे ह्यांना सलग रजा क्वचितच मिळते. यंदा मे महिन्यात सोमवार ते गुरुवार अशी चार दिवसांची मंजूर झाली. रविवार धरून पाच. थोरली नववी पास होऊन दहावीत गेलेली, म्हणजे जूनपासून तिला मान वर करायला फुरसत नाही. धाकटा पहिलीतून दुसरीत. दोघांत एवढं अंतर असल्यामुळे दोघांना एकदम आवडेल असं ठिकाण सापडणं मुश्कील, आणि पुढची दोन वर्षं तरी असा योग येणार नाही हे आम्हा दोघांना न बोलता कळत होतं. म्हणून 'किती दिवस' हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नव्हता.

पहिली अडचण सीमाभागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. आपल्या मुलांना उन्हाळी सुट्टी लागते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, कर्नाटकाच्या वेळापत्रकाप्रमाणे. तेव्हा महाराष्ट्रातल्या भावंडांच्या परीक्षा चालू असतात. त्यांची सुट्टी मे महिन्यात सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत चालते, तेव्हा आपल्या शाळांची घंटा वाजलेली असते. दसऱ्यालाही तेच. आपल्याकडे दसऱ्याची सुट्टी मोठी, त्यांच्याकडे दिवाळीची. मामाच्या गावाला जायचं खरं, पण मामाची मुलं शाळेत!

पार्काच्या दृष्टीने बघितलं तर ही अडचण म्हणजे चक्क सवलत आहे. एप्रिलच्या मधल्या आठवड्यात, मंगळवार-बुधवारी, महाराष्ट्रातली शाळकरी मुलं पेपर लिहीत असताना आपली मुलं रिकामी असतात. रांगा लहान, आठवड्यामधल्या दिवसाचं तिकीटही बहुधा स्वस्त. मी तर एप्रिलचंच मनात धरलं होतं. पण थोरली म्हणाली, "मी एकटा जाऊन काय करू तिथं? दादा नसला तर मला नको." (आमच्याकडच्या मुली अजून 'मी जातो, मी करतो' म्हणतात. पुण्याची भावंडं हसतात, आणि ह्या मुद्दाम जास्त म्हणतात.) दादा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, तिच्याहून वर्षाने मोठा, ह्याच वर्षी दहावी झालेला. लहानपणी दोघं एका ताटात जेवायची. आता वर्षातून एकदा भेट. तिच्या ह्या एका वाक्याने एप्रिल बाद झाला, मे ठरला आणि मे म्हणजे गर्दी.

गर्दीचा आणि दिवसांचा हिशेब मी एका वहीच्या पाठपानावर मांडला. पार्क सकाळी दहा-अकराला उघडून संध्याकाळी बंद होतं, म्हणजे हातात साधारण आठ तास, ४८० मिनिटं. जेवण, पाणी, बाथरूम, 'चप्पल तुटली', 'टोपी हरवली' यांना दीड तास सोडा. उरली ३९० मिनिटं. सुट्टीतल्या दिवशी एका मोठ्या राइडला रांगेत पाऊण तास धरला, तर दिवसाला आठ-नऊ राइड होतात. तेच रिकाम्या दिवशी, रांग आणि चालणं धरून २५ मिनिटांत एक झाली, तर पंधरा. म्हणजे पार्क एकच, पण एप्रिलमध्ये एका दिवसात जे मावतं त्याला मे महिन्यात दोन दिवस लागतात. ह्यांना हा हिशेब दाखवला तर ते लगेच म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? दोन दिवस!"

त्यात इमॅजिका म्हणजे तरी एक पार्क कुठे आहे? २०१३ मध्ये मनमोहन शेट्टींनी सुरू केलं ते राइडचं थीम पार्क, २०१४ ला वॉटर पार्क आलं, २०१६ ला स्नो पार्क. पार्कं वेगळी, तिकिटंही वेगळी. त्यामुळे पहिल्या दिवशी राइड आणि दुसऱ्या दिवशी पाणी असा बेत करणारे पुष्कळ आहेत, आणि ज्यांची मुलं बारा-पंधराची आहेत त्यांनी खुशाल करावा.

आमचा धाकटा सात वर्षांचा. त्याचे पाय किती वेळ चालतात हे मी कणेरी मठावर बघून ठेवलं होतं. निपाणी-कागल ओलांडून कोल्हापूरच्या अलीकडे सिद्धगिरीचं ग्रामजीवन म्युझियम आहे, आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं. बारा बलुतेदार, शेतीची कामं, विहिरीवरच्या बायका, सगळी सिमेंटची चित्रं. तिथे पोरगं पहिले दोन तास हरणासारखं पळालं, अडीच तासांनी 'आई, उचल' सुरू झालं, तीन तासांनी रडणं. पार्कात तो उत्साहाने आणखी दोन-तीन तास ओढेल, पण सलग दुसऱ्या दिवशी तेच पाय परत मिळणार नाहीत. मोठ्या पार्काला मूल पहिल्यांदाच नेणार असाल तर अशी जवळची एक चाचणी जरूर करा. येळ्ळूरचा राजहंसगड चढवलात तरी कळेल.

दुसरी मोजणी उंचीची. अशा पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नसून उंचीवर असतं आणि प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून मोजलं तर थोरली सगळीकडे चालणार होती. धाकट्याला नायट्रोसारखा मोठा रोलर कोस्टर, उंचावरून खाली सोडणारा डेअर टू ड्रॉप, उलटंपालटं करणारं स्क्रीम मशीन हे सगळं बंद. त्याच्यासाठी टबी हत्ती, बंदूक घेऊन चोरांवर नेम धरायची अलीबाबाची गुहा, खुर्चीत बसून भारतभर उडवून आणणारा आय फॉर इंडिया. म्हणजे त्याचा पार्क लहान, एका दिवसात आरामात संपणारा. दुसरा दिवस काढायचा तो कोणासाठी? थोरल्या दोघांसाठी. आणि त्या दिवशी धाकट्याला घेऊन सावलीत बसायचं कोणी? अर्थातच मी.

नेमका मुद्दा सासूबाईंनी काढला. त्या पुण्यापर्यंत येणार होत्या, पार्कातही येणार होत्या. शांतपणे म्हणाल्या, "दोन दिवसांचं तिकीट काढशिला रे, पण पाय कोणाचे आणणार?"

दरम्यान ह्यांनी बंगळूरच्या वंडरलाचाही विचार करून पाहिला. ते २००५ पासून म्हैसूर रस्त्यावर बिडदीला आहे. कोरड्या आणि पाण्याच्या राइड एकाच तिकिटात, त्यामुळे तिथे दुसऱ्या दिवसाचा प्रश्नच उरत नाही. रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी बंगळूर, मुलांना कन्नड येतं. नुसतं पार्क बघायचं असेल तर आपल्या भागातून मी वंडरलाच सुचवीन. पण बंगळुरात आमचं कोणी नाही, आणि दादा तर पुण्यात.

शेवटी दिवस ठरवले ते रेल्वेने. सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत सुरू झाली. मुलांना घेऊन महामार्गाच्या सहापदरीकरणातल्या वळणांवर आठ तास काढण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण ती आठवड्यातून तीनच दिवस. म्हणून रविवारी सकाळी बेळगावातून निघायचं आणि गुरुवारी पुण्याहून परत, हे पक्कं झालं. मधे सोमवार, मंगळवार, बुधवार. ह्यांचं म्हणणं, मंगळवारी राइड, बुधवारी पाणी. माझं म्हणणं, मंगळवारी पार्क आणि बुधवारी काही नाही. सोमवारीही काही नाही, कारण आदल्या दिवशीच्या प्रवासाची झोप भरून निघाल्याशिवाय मुलं पार्कात दुपारीच चिडचिड करतात. 'काही नाही'साठी रजा घालवायची हे ह्यांना पटेना. दोन दिवस घरात ह्यावर बरंच बोलणं झालं. मग वॉटर पार्कच्या सात तिकिटांची बेरीज मी समोर ठेवली (आम्ही पाच, भावाची दोन मुलं), आणि त्यात लवकर निघणं, परत दोन-दोन तासांचा प्रवास आणि गुरुवारची गाडी मिळवली. ते गप्प झाले. पटलं असं काही म्हणाले नाहीत.

मंगळवारचा दिवस कसा गेला ते थोडक्यात सांगते, कारण राइडची वर्णनं सगळीकडे मिळतात. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचलो. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी रस्त्यातच संपवली. तिकडच्या जेवणाचं बिल धरूनच बजेट करा. दोन गट केले. थोरले दोघं ह्यांच्याबरोबर सरळ नायट्रोकडे, कारण सकाळी सगळे लोक दाराजवळच्या राइडना थांबतात. धाकटा, भावाची नऊ वर्षांची मुलगी, सासूबाई आणि मी लहान राइडकडे. जेवायला एकत्र. दुपारी एक ते तीन घाटाखालचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते खोपोलीला जाऊन बघा. ते दोन तास छपराखालच्या राइडना ठेवले. अलीबाबाच्या गुहेत सासूबाईंनी बंदूक हातात घेतली आणि आमच्या गाडीत सगळ्यांत जास्त गुण त्यांचे झाले. भिजवणाऱ्या राइड चारनंतर, कपड्यांचा एक जोड पिशवीत.

थोरल्या दोघांच्या नऊ राइड झाल्या, धाकट्यांच्या आठ. वहीतला हिशेब तंतोतंत. काही राहिल्या. सलीमगढची भुताची हवेली राहिली, त्याचं दोघांना वाईट वाटलं. एक्सप्रेस पास घेतला असता तर झालीही असती, पण जादा पैसे भरून रांग तोडायला मन होईना. हा माझा हट्ट, तुम्ही घ्यायला हरकत नाही.

बुधवारी धाकटा साडेदहापर्यंत झोपला. उठल्यावर चुलीवरच्या भाकरीसारखा लाल दिसत होता, उन्हाने. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा मागितला. वॉटर पार्कचं नाव कोणी काढलं नाही. दुपारी लहान दोघांनी इमारतीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून रांग लावली, उंची मोजायला झाडू उभा केला आणि वॉचमनकाकांना 'तुम्ही चालता' म्हणून आत सोडलं. थोरली आणि दादा संध्याकाळी सहाला गच्चीवर गेली ती जेवायला हाका मारल्यावर साडेनऊला उतरली. काय बोलत होती कोण जाणे. विज्ञान घ्यायचं की कॉमर्स, बेळगावात शिकायचं की पुण्यात, असलं काहीतरी असणार, कारण घरी आल्यावर आठवड्याने तिने पहिल्यांदाच आम्हाला स्वतःहून सांगितलं की तिला अकरावी-बारावी इथेच करायची आहे. हे तिला पार्कच्या रांगेत बोलता आलं नसतं.

आता नणंदेचा प्रश्न उरलाय. ती न्यू जर्सीला असते, यंदा डिसेंबरात मुलांना ओरलँडोला डिस्ने वर्ल्डला नेणार आहे, आणि आमचं ऐकून तिने फोनवर विचारलं, "वहिनी, आम्ही किती दिवस करू?" तिथला हिशेब वेगळा. १९७१ ला मॅजिक किंगडम उघडलं, मग १९८२, १९८९ आणि १९९८ ला एकेक करत आता चार थीम पार्कं आहेत, शिवाय पाण्याची दोन. शेजारी युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स मे २०२५ ला सुरू झालं. तिकीट जितक्या दिवसांचं घ्याल तितका दर दिवसाचा भाव उतरतो, त्यामुळे 'आणखी एक दिवस घेतला तर थोडेच जास्त' असं वाटत राहतं. मी तिला म्हटलं, तिकिटाचा तो पाचवा दिवस स्वस्त आहे खरा, पण तुझी धाकटी पाच वर्षांची. तीन दिवस पार्क करा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे एक दिवस हॉटेलच्या तलावात डुंबा. तिचा नवरा म्हणतोय, एवढं लांब जातोय तर पाच करूया.

दसऱ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी एवढंच, की ऑक्टोबरात पाऊस ओसरलेला असतो, महाराष्ट्रातल्या शाळा चालू असतात आणि आठवड्यामधला दिवस गाठलात तर राइडसाठी एक दिवस पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका. खोपोलीचा पाऊस मोठा, आणि तो जोरात आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात. धाकट्याची उंची आम्ही दर महिन्याला चौकटीवर मोजतो. गेल्या रविवारी तो खुणेच्या वर टाचा उचलून उभा होता.