चार चाकं मांजरीहून नागपूरला पाठवायची: कुरिअरचा खर्च आधीच कसा काढायचा?

सोसायटीच्या ग्रुपवर हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. कुणी गाडीला मोठे अलॉय बसवलेले असतात आणि जुना सेट ऑनलाइन विकायला काढलेला असतो. गिऱ्हाईक नागपूरचं निघतं आणि विचारतं, “डिलिव्हरीसकट किती?” इथे अंदाजाने आकडा सांगितला की गेम होतो. सेट बारा हजारांत विकला आणि पाठवण्यातच तीन हजार गेले, तर विकून काय मिळवलं? म्हणून आकडा सांगण्याआधी फोनवर दहा मिनिटं हिशोब करा.

टायरवरचा नंबर वाचा

टायरच्या बाजूला साइज कोरलेली असते. समजा, ती १८५/६५ आर१५ आहे. अनेक हॅचबॅकना हीच साइज येते. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत, तो झाला ३८१ मिमी. वरची आणि खालची अशा दोन भिंती धरून चाकाचा पूर्ण व्यास होतो ३८१ + २४०.५ = ६२१.५ मिमी, म्हणजे ढोबळमानाने ६२ सेंमी. बबल रॅप आणि पुठ्ठा गुंडाळला की ६४ सेंमी धरा. जाडी २० सेंमी.

म्हणजे गिऱ्हाइकाने फक्त टायरचा फोटो पाठवला, तरी पॅकिंगची मापं घरबसल्या निघतात. त्याच फोटोत चार आकडी तारीखही दिसते का बघा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलाय. ही माहिती पुढे कामाला येणार आहे.

काट्यावरचं वजन एक, बिलातलं वजन दुसरं

रिमसकट असं एक चाक साधारण १५-१६ किलो भरतं. पण कुरिअरवाला फक्त काट्याकडे बघत नाही. ट्रकमधली जागा भरली की वजनाला वाव असला तरी गाडी निघतेच. म्हणून कंपन्या ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन काढतात: लांबी × रुंदी × उंची, सगळं सेंमीमध्ये, भागिले एक ठरलेला आकडा. तो बहुतेक वेळा ५००० असतो. दोन्ही वजनांपैकी जे जास्त, त्यावर भाडं. कोडिंगवाल्यांसाठी सांगायचं तर सरळ मॅक्स फंक्शन.

आपल्या चाकाचं: ६४ × ६४ × २० = ८१,९२०. भागिले ५००० = १६.४ किलो. चार चाकांचे ६५.५, म्हणजे बिलात ६६.

चाक गोल असलं तरी माप चौकोनाचं घेतात. चौकोनात बसवलेलं वर्तुळ त्याची ७८.५ टक्केच जागा व्यापतं. म्हणजे कोपऱ्यातल्या रिकाम्या हवेचंही भाडं आपणच भरतो. यावर इलाज नाही.

खरी मेख त्या भाजकात आहे. तो ५००० ऐवजी ४००० असेल तर तेच चाक २०.५ किलोचं होतं. काही ट्रान्सपोर्टवाले घनफुटावर चालतात. आपलं चाक २.८९ घनफूट. एका घनफुटाला ६ किलो धरले तर १७.४ किलो, १० धरले तर थेट २८.९. त्यामुळे “किलोला किती?” एवढंच विचारून दोन कंपन्यांची तुलना होत नाही. कमी दरवाला महाग पडू शकतो. आधी विचारा, “व्हॉल्युमेट्रिक कशाने काढता?”

आणि मापं टेपनेच घ्या. फोनच्या कॅमेऱ्याने मोजणारी ॲप्स सोफा दारातून जाईल का हे बघायला ठीक आहेत. इथे तिन्ही बाजूंना २ सेंमीची चूक झाली तर १६.४ चे १९.२ किलो होतात, म्हणजे १७ टक्के वाढ. कंपनीच्या हबमध्ये मोजणारी मशिन्स असतात आणि शेवटी त्यांचंच माप बिलात येतं. बबल रॅपचा फुगवटासुद्धा मोजला जातो, म्हणून घट्ट गुंडाळा.

टायर काढून टाकला तर?

मला या सगळ्यात सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट ही. नुसता टायर पाठवला तर त्याचं खरं वजन ८ किलोच्या आसपास, पण बिल १६.४ चंच, कारण आकार तोच. म्हणजे रिम टायरच्या आत जवळजवळ फुकट जाते. उलट नुसती १५ इंची रिम पॅक केली तर ४४ × ४४ × २० सेंमी, म्हणजे ७.७ किलो. चार रिम ३१ किलो. सरळ निम्म्याहून कमी.

मग टायरवरची ती तारीख बघा. टायर सहा-सात वर्षांचे असतील तर ते मांजरीतच टायरवाल्याकडून उतरवून घ्या आणि नुसत्या रिम पाठवा. गिऱ्हाइकाला नागपुरात नवे टायर घ्यावेच लागणार आहेत. टायर चांगले असतील तर मात्र रिमसकटच पाठवायचे. वेगवेगळे पाठवणं हा शुद्ध तोटा.

किलोचा दर म्हणजे बिल नव्हे

खालचे दर फक्त समजण्यासाठी घेतलेत. तुमचे दर वेगळे असतील, पण बिलाची रचना अशीच दिसेल.

६६ किलो × १२ रुपये = ७९२
फ्युएल सरचार्ज १५ टक्के = ११९
डॉकेट किंवा बिल्टीचे = १००
रिस्कचे, म्हणजे मालाच्या किमतीवरचे = १००
घरपोच किंवा लांबच्या एरियाचे = ५००
बेरीज १,६११, त्यावर १८ टक्के जीएसटी २९०. एकूण १,९०१.

बाराचा दर प्रत्यक्षात २९ च्या जवळ पडला. यातले पाचशे कधी लागतात ते बघा. वेबसाइटचं कॅल्क्युलेटर पिनकोडवर चालतं. मांजरी आता पुणे महापालिकेत असली तरी मांजरी फार्मचा पिन ४१२३०७ आहे, शहरासारखा ४११ ने सुरू होणारा नाही. कंपनीच्या यादीत तो ‘आउट ऑफ डिलिव्हरी एरिया’ असेल तर जादा पैसे लागतात. हडपसरचा ४११०२८ टाकून स्वस्त कोटेशन काढू नका, पिकअपला गाडी आली की फरक वसूल होतो. त्यापेक्षा कंपनीचं जवळचं गोडाऊन शोधून माल स्वतः नेऊन टाका आणि गिऱ्हाइकालाही तिकडे गोडाऊनमधून उचलायला सांगा. दोन्हीकडचं घरपोच वाचतं, फक्त हमालीचं आधी विचारून घ्या.

खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीत नगावर दर ठरतो, व्हॉल्युमेट्रिकची भानगड नसते आणि माल सकाळी नागपुरात. पण पावती नावापुरती. रेल्वे पार्सलसाठी पुणे स्टेशनचं पार्सल ऑफिस गाठावं लागतं आणि तिकडे माल वेळेत सोडवला नाही तर वार्फेज लागतो.

रिस्कचे शंभर वाचवावेत का?

माझं मत: अलॉय असतील तर अजिबात नाही. ‘कॅरेज बाय रोड’ कायदा २००७ चा, त्याचे नियम २०११ चे. त्यानुसार तुम्ही जास्त किंमत जाहीर करून जादा रिस्कचे पैसे भरले नसतील, तर माल हरवला किंवा फुटला तरी ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी भाड्याच्या १० पटीपर्यंतच. भाडं ८०० असेल तर जास्तीत जास्त ८,०००. तुमचा सेट बाराचा किंवा तीस हजारांचा असेल तर बाकीचे गेले. म्हणून बिल्टीवर खरी किंमत लिहा. ‘ओनर्स रिस्क’चा शिक्का असेल तर सही करण्याआधी तो काय आहे ते विचारा.

अशा सौद्यात एक फसवणूक हमखास दिसते. “ट्रान्सपोर्टचे पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.” पैसे घेण्यासाठी स्कॅनही लागत नाही आणि यूपीआय पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. गाडी पाठवतो, आधी डिपॉझिट भरा, असं गिऱ्हाईक म्हणालं तर तो सौदा सोडा.

आता फोनवर गूगल शीट्स उघडा. एका ओळीत एक कंपनी आणि रकाने असे: भाजक, बिलाचं वजन, दर, फ्युएल, डॉकेट, रिस्क, घरपोच, जीएसटी. तीन कोटेशन टाकली की स्वस्त कोण ते लगेच दिसतं. पॅक झालेल्या प्रत्येक नगाचा टेप लावलेला आणि वजनकाट्यावरचा असे दोन फोटो काढून ठेवा. हबने नंतर वजन वाढवून जादा बिल पाठवलं तर तक्रारीला तेच जोडायचे.